दहा मिनिटांची झोप

आवाज येत होता, चित्र नव्हतं.

काळ्या पडद्यामागून एक बाई म्हणाली, "तुम्ही येणार म्हणाला होतात." मग चपलांचा आवाज, कडी निघाल्याचा आवाज, आणि मग पितळेचं काहीतरी जड फरशीवर पडलं आणि गरगरत बराच वेळ थांबेना. आम्ही तिघं खुर्च्या ओढून त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो होतो.

"इरफान्या, रेडिओ लावलाईस काय रे?" धनंजय म्हणाला.

इरफानने चित्रपट थांबवला आणि स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. तो स्वच्छ दिसला. वलीम्याच्या पंगतीत त्याचा मेहुणा हातात तपेली घेऊन कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. इरफानने पुन्हा चित्रपट लावला. पुन्हा काळं.

"साधा व्हिडिओ चालतोय," तो म्हणाला. "कुलूपवाला चालंना."

मी वहीत लिहिलं: सोमवार, ११.१०. आवाज आहे, चित्र नाही.

त्या एप्रिलला आमच्या दैनिकाची कोल्हापूर आवृत्ती बंद होऊन सात महिने झाले होते. मी तिथे एकोणीस वर्षं उपसंपादक होते, सगळ्यांच्या तोंडी शिंत्रेबाई; धनंजय घोरपडे खेळाचं पान बघायचा. दोघांनाही वेळेत आणि कमी शब्दांत लिहिण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणून उद्यमनगरात एका लेथ कारखान्याच्या माडीवर खोली घेऊन आम्ही चित्रपटांच्या खाली येणाऱ्या ओळी लिहायला लागलो. मुंबईच्या एका कंपनीकडे जुने मराठी चित्रपट होते. ते तिला बहिऱ्या प्रेक्षकांसाठी ओळींसकट इंटरनेटवर आणायचे होते. नुसते संवाद नव्हेत; दार वाजलं, भांडं पडलं, पाठीमागून कुणी हाक मारली, हेसुद्धा लिहायचं. असे बारा चित्रपट होते. त्यातला एक नमुन्यासाठी आमच्याकडे आला होता आणि गुरुवारी अकरा वाजता कंपनीच्या तपासणी अधिकारी आमची खोली बघायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर बाराही चित्रपट आमचे. नाही दिला तर काम मुंबईतच राहणार. आमच्या हातात दुसरं कुठलंच काम नव्हतं.

चित्रपट कंपनीच्या स्वतःच्या प्लेयरमध्ये, कुलूप घातलेला यायचा. तो प्लेयर फक्त मॅक कॉम्प्युटरवर चालायचा, आणि विकतचा मॅक आम्हाला परवडत नव्हता. म्हणून इरफानने एक बांधला होता.

इरफान मुजावरच्या वडिलांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. तो स्वतः सांगलीपासून निपाणीपर्यंतच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा. सुटे भाग बाजारातले आणि पेटी आमच्या खालच्या कारखान्यात पत्रा वाकवून केलेली. त्या दिवशी रंगाच्या गनमध्ये ऑइल इंजिनाचा हिरवा रंग भरलेला होता, म्हणून आमचा मॅक हिरवा. अशा पेट्यांवर मॅकची सिस्टिम चालावी अशी ती बनवणाऱ्यांची इच्छा नव्हती, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. सगळा जिल्हा त्याला खोकेवाला म्हणायचा. तोंडावर म्हटलं तरी तो हसायचा, पण ते हसू थोडं उशिरा यायचं.

"का दिसत नाही?" मी विचारलं.

"ताई, मशीन चालू झालं की सिस्टिमला आपलं नाव सांगतंय. मी अमुक मॉडेल. आपल्या पेटीनं सांगितलंय, मी घरगुती मॉडेल. त्या मॉडेलात कुलूपवाला व्हिडिओ उघडायचं काम प्रोसेसरच्या पोटात जे ग्राफिक्स असतंय, त्याच्याकडं. आता आपल्या प्रोसेसरच्या पोटातबी ग्राफिक्स हाय, पण त्याच्याकडं किल्लीच न्हाई. किल्ली हाय ह्या मोठ्या ग्राफिक्स कार्डाकडं." त्याने पेटीवर टिचकी मारली. "सिस्टिम किल्ली मागायलीय एकाकडं, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात."

"मग त्याच्याकडून काढून ह्याला दे की," धनंजय म्हणाला.

"तसं होत न्हाई मालक. पेटीचं नावच बदलाय लागंल."

"बदल की मग. फुकट हाय नाव."

"फुकट न्हाई." इरफानने पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली. नोंदणी, पाचपैकी एक. मशीन वेगळं वाटलं की प्लेयर नवी नोंदणी मागायचा. पाच संपल्या की चित्रपट बंद, आणि मग मुंबईला फोन करून कारण सांगायचं. गुरुवारच्या आधी तो फोन केला असता तर गुरुवारी कुणी आलंच नसतं.

धनंजयने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, सरळ सांगतो. माझ्या मावसभावाच्या वळखीचा एक पोरगा हाय. कुलूप काढून देतोय. दोन मिनिटांचं काम. साधा व्हिडिओ हातात येतोय, कुठल्याबी मशीनवर बघा. गुरुवारी बाई आल्या की प्लेयर उघडून दाखवायचा."

"गुरुवारी प्लेयरमध्ये चित्र कसं दिसेल?" मी म्हटलं.

"तवर इरफान करंल की कायतरी. पण आपलं काम तर सुरू होईल. चार दिवस भांड्याचा आवाज ऐकत बसायचं काय? भांडं पडलं हे कळलं. कुणी पाडलं ते कसं लिहिणार?"

मुद्दा बरोबर होता. मी आवाजावरून बोलणाऱ्या बाईनेच पाडलं असं धरून ओळ लिहूनही ठेवली होती.

"सही कुणी केलीय त्या कागदावर?" इरफानने विचारलं.

चित्रपटाची प्रत काढणार नाही, असं कंपनीने लिहून घेतलं होतं. आम्हा तिघांच्याही सह्या होत्या.

"आयला, खोटं नाव सांगणारी पेटी बनवलीय ह्यानं, आणि मला सही शिकवायला लागलाय," धनंजय म्हणाला.

"पेटी आपली हाय मालक. तिला काय नाव द्यायचं ते आपण बघू. पिक्चर त्यांचा हाय."

धनंजयने माझ्याकडे बघितलं. मी वही मिटली. "गुरुवारपर्यंत तीन दिवस आहेत," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी इरफानने पेटीला नवीन नाव दिलं. या वेळी व्यावसायिक कामाच्या मोठ्या मॉडेलचं. त्या मॉडेलच्या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे सिस्टिम कुलपाची किल्ली थेट मोठ्या कार्डाकडे मागणार, असा त्याचा हिशोब होता. कोपऱ्यात पाचपैकी दोन असं आलं आणि पडद्यावर एक ओसरी उजळली. काळ्यापांढऱ्या चित्रात एक बाई उंबऱ्याशी उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही येणार म्हणाला होतात." पाठीमागे तिची सासू बसली होती. सून वळल्यावर त्या सासूने इकडेतिकडे बघितलं आणि पितळी घंगाळ पायाने हळूच ढकलून दिलं.

"म्हातारीनं पाडलं!" धनंजय ओरडला. "मुद्दाम पाडलं!"

आम्ही ते तीनदा बघितलं. मी ओळ खोडून नवीन लिहिली. खालून लेथवरचा माणूस काय झालं म्हणून वर बघायला आला, त्यालाही दाखवलं.

अर्ध्या तासाने पेटीतला पंखा गिरणीसारखा वाजायला लागला. इरफानने पेटीला तळहात लावला आणि लगेच काढला. प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर होता. पाच मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडलं.

"नाव बदललं की लगाम बदलतोय," तो घाम पुसत म्हणाला. "कुठल्या कामाला किती पळायचं, कधी हळू चालायचं, त्याचा एक तक्ता असतोय. सिस्टिम तो नावावरून निवडती. आता तिनं दुसऱ्याच घोड्याचा तक्ता लावलाय. आपलं घोडं नुसतं उधळायलंय."

"मग?"

"आपल्या घोड्याचा तक्ता हातानं लिहायचा."

त्याने दुपारभर तेच केलं. एक आकडा बदलायचा, मशीन बंद करून चालू करायचं, चित्रपट लावायचा, अंश बघायचे, मला सांगायचे. मी वेळेसकट लिहून घ्यायची. वडिलांनी त्याला शिकवलं होतं, एका वेळी एकच तार सोडायची. दोन सोडल्या तर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही आणि ते न कळलेलं दुरुस्तीत धरायचं नाही. त्या दिवशीचे माझ्या वहीत एकवीस आकडे आहेत. शेवटचा पावणेसहाचा: चित्रपट चालू, एकावन्न अंश, पंखा ऐकू येत नाही. इरफानने डोळे मिटून पेटीला कान लावला आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला.

"झालं?" धनंजयने विचारलं.

"झालं."

झालं नव्हतं.

बुधवारी मी नमुन्याच्या कामाला बसले. एक प्रसंग बघायचा, थांबवायचा, कागदावर पेन्सिलीने ओळी लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या आणि पक्क्या झाल्या की मगच टंकायच्या, ही माझी डेस्कवरची जुनी पद्धत. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी मी मान वर केली तर पडदा विझला होता. कळ दाबली, पासवर्ड टाकला, चित्रपट चालू केला. आवाज आला, पडदा काळा. प्लेयर बंद करून उघडला तर त्याने मशीन ओळखलं नाही. पाचपैकी तीन.

इरफानने येऊन बघितलं. मेनूतून मशीन झोपवलं, उठवलं. चित्र आलं. चार वेळा केलं, चारही वेळा आलं.

"ताई, कायतरी दुसरं दाबलं असंल तुम्ही."

"मी काही दाबलं नाही."

सव्वाअकराला पुन्हा तेच झालं. पाचपैकी चार.

धनंजय उठून खिडकीपाशी गेला. "सोप्पं हाय," तो तिथूनच म्हणाला. "झोपायचंच बंद कर त्याचं. सेटिंगमध्ये असतंय की. नायतर मी बसतो माऊस हालवत. एकोणीस वर्षं शिंत्रेबाईंनी माझ्या बातम्या कापल्या, आता त्यांच्याशेजारी बसून उंदीर हालवतो."

"कंपनीचा नियम आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर मशीन आपोआप झोपलं पाहिजे आणि उठल्यावर पासवर्ड मागितला पाहिजे. टेबलावर उघडा चित्रपट सोडून कुणी चहाला जाऊ नये म्हणून. गुरुवारी त्या हेच बघणार आहेत."

इरफान जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याने माझी वही मागून घेतली आणि बुधवारचं पान वाचलं.

"ताई, दहा पंचवीस ते दहा पस्तीस तुम्ही काय करत होता?"

"काही नाही. लिहीत होते."

"कशावर?"

"कागदावर."

"अकरा पाच ते अकरा पंधरा?"

"तेच. लिहीत होते."

त्याने वही खाली ठेवली. "परत करून दाखवा. चित्रपट नको, माझ्या लग्नाचा व्हिडिओ लावा. पण कागदावर लिहा तसंच. माझ्याकडं बघू नका."

मी लिहायला लागले. तो पेटी उघडून विजेरी घेऊन बसला. मेहुणा तपेली घेऊन पडद्यावर थांबला होता. दहाव्या मिनिटाला पडदा विझला. त्यानंतर आणखी एका मिनिटाने पेटीतला पंखा थांबला.

"हे बघा," इरफान हळू म्हणाला. "मी झोपवतो तेव्हा सगळं एकदम झोपतंय. तुम्ही लिहीत बसता तेव्हा आधी पडदा झोपतोय, आणि मशीन एक मिनिट जागं राहतंय. त्या एका मिनिटात कायतरी होतंय. मला हे कधी दिसलंच नसतं. मला स्वस्थ बसायची सवयच न्हाई, सारखा माऊसला हात. अख्ख्या जिल्ह्यात मशीनसमोर बसून दहा मिनिटं पेन्सिल चालवणारं तुमच्याशिवाय कोण न्हाई ताई."

"कौतुक करतोय का शिव्या देतोय?" धनंजय म्हणाला.

इरफान बराच वेळ पेटीत बघत होता. मग त्याने विजेरी बंद केली.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "हावरटपणा केला. पेटीला सांगितलं, तू मोठं मॉडेल, तुझ्या पोटात ग्राफिक्स न्हाई. आणि पोटातलं ग्राफिक्स मात्र चालूच ठेवलं. तयार व्हिडिओ बाहेर काढताना त्याची मदत होती, काम तिप्पट वेगानं होतंय. तोच तर माझा धंदा. सांगलीची शूटिंगवाली पोरं त्यासाठीच माझं खोकं घेत्यात. ते सोडवंना मला. आता पडदा विझला की कार्ड हात सोडतंय, आणि सिस्टिमला पोटातलं ग्राफिक्स दिसतंय. उठल्यावर ती किल्ली परत त्याच्याकडं मागती."

"मग बंद कर ते."

"करतो. मशीन हळू होणार. व्हिडिओ बाहेर काढायला एका तासाच्या जागी तीन लागतील."

"लागू देत," मी म्हटलं.

त्याने मशीन बंद केलं, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन पोटातलं ग्राफिक्स कायमचं बंद केलं. मग तिघांच्याही लक्षात एकच गोष्ट आली. मशीन पुन्हा बदललं होतं. प्लेयर उघडला की पाचवी नोंदणी जाणार. इरफानचा तर्क बरोबर असेल तर प्रश्नच नव्हता. चुकला असेल, तर आज दुपारीच सगळं संपणार.

"उघड," धनंजय म्हणाला. "काय ते एकदा कळू दे."

"आणि बिघडलं तर उद्या काय दाखवायचं? बंद पडलेला प्लेयर?" इरफान म्हणाला. "न उघडता ठेवला तर निदान त्यांच्यासमोर एकदा तरी चित्र दिसंल."

"साध्या व्हिडिओवर बघून घे ना."

"साधा तर आधीपासून दिसतोय. त्यानं काय सिद्ध होतंय?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. छापण्याआधी खात्री करायची, हे मी जन्मभर पाळलेलं. इथे खात्री करायची सोयच नव्हती.

"इरफान, तुला काय वाटतं? तक्त्याचं झालं तेव्हा तू झालं म्हणालास. आज म्हणशील?"

त्याने पेटीचं झाकण लावलं. चारही स्क्रू आवळले. मग म्हणाला, "झालं."

"मग उद्याच उघडू," मी म्हटलं.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ऋजुता वर्टी जिना चढून आल्या. पन्नाशीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची पुढे केली तर आधी खिडक्यांच्या कड्या बघितल्या, मग दाराचं कुलूप, मग बसल्या. हिरव्या पेटीकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"सुरू करा," त्या म्हणाल्या.

मी प्लेयर उघडला. पाचपैकी पाच. खाली लाल अक्षरांत, ही शेवटची नोंदणी आहे, असं आलं. मग ओसरी उजळली आणि सुनेने आपलं वाक्य म्हटलं.

वर्टीबाई वाकल्या. "पाचही संपल्या? तीन दिवसांत? चार कशात गेल्या?"

धनंजयने घसा साफ केला. तो काहीतरी चांगलं सांगणार हे मला कळलं, म्हणून मी आधीच वही त्यांच्यापुढे ठेवली. "सगळं वेळेसकट लिहिलेलं आहे. पहिली, चित्र दिसत नव्हतं. दुसरी, मशीनचं नाव बदललं. तिसरी आणि चौथी, झोपून उठल्यावर चित्र गेलं. ही पाचवी. झोपेची दुरुस्ती काल केली. चित्रपटावर ती तपासलेली नाही. तुमच्यासमोर पहिल्यांदाच तपासली जाईल."

"म्हणजे आत्ता चित्र गेलं तर?"

"तर गेलं," इरफान म्हणाला.

त्यांनी वही ओढून घेतली. चित्रपट थांबवला, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "कुणी हात लावू नका. दहा मिनिटं."

पडद्यावर सासूचा पाय घंगाळापाशी थांबला होता. खाली लेथ चालू होता. वर्टीबाई वही वाचत होत्या, पहिल्या पानापासून, एकही पान न गाळता. मंगळवारचे एकवीस आकडे त्यांनी बोट ठेवून वाचले.

"हे तक्त्याचे आकडे कुणी काढले?"

"मी," इरफान म्हणाला.

"कुठे शिकलात?"

"कुठं न्हाई. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो."

त्यांनी पान उलटलं. धनंजयच्या खुर्चीचा पाय करकरत होता. त्याने पाय हलवणं थांबवलं. चौथ्या मिनिटाला खालून कुणीतरी चहाचं विचारलं. इरफानने दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडून.

दहाव्या मिनिटाला पडदा विझला.

वर्टीबाईंनी कळ दाबायला हात पुढे केला.

"एक मिनिट मॅडम," इरफान म्हणाला. "अजून झोपलेलं न्हाई."

त्यांचा हात तसाच थांबला. आता दाबलं असतं तर कदाचित चित्र आलंही असतं, कारण मशीन पुरतं झोपलं नव्हतं. इरफानला ते आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. त्या साठ सेकंदांतच सगळा घोटाळा होता, आणि त्याने ते साठ सेकंद मागून घेतले. धनंजयने कपाळाला हात लावला.

पेटीतला पंखा थांबला. "आता," इरफान म्हणाला.

त्यांनी कळ दाबली. पंखा फिरला. पासवर्डची चौकट आली. मी पासवर्ड टाकला. एक अक्षर चुकलं, पुन्हा टाकला आणि चित्रपट चालू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला, तीन सेकंद असेल. मग घंगाळ पडलं. आम्ही ते पडताना बघितलं. ते ओसरीभर गरगरत गेलं, सून दचकून वळली, आणि सासूने पदर सावरला.

धनंजय काहीतरी ओरडला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्टीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मशीन आणखी एकदा झोपवून उठवलं, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी दहा आणि एक मिनिट पूर्ण थांबल्या. प्रत्येक वेळी चित्र आलं. तोवर पावणेबारा झाले होते आणि चहा दोनदा गार झाला होता.

"तुम्हाला एक सांगते," त्या पिशवीतून छापील अर्ज काढत म्हणाल्या. "याच कामासाठी मी आणखी तीन ठिकाणी गेले. नमुन्याच्या ओळी तिघांच्याही तयार होत्या. चांगल्या होत्या. एका ठिकाणी सासूने भांडं पायाने ढकललं हेसुद्धा लिहिलं होतं. आणि प्लेयर बघितला तर पाचपैकी एकही नोंदणी वापरलेली नव्हती. तिन्ही ठिकाणी."

आम्ही ऐकत होतो. कळायला एक क्षण लागला.

"प्लेयर उघडलाच न्हाई?" धनंजय हळूच म्हणाला. "मग बघितला कुठं पिक्चर?"

"तेच मी त्यांना विचारलं," वर्टीबाई म्हणाल्या.

धनंजयने इरफानकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.

त्या अर्ज भरायला लागल्या. खिडक्या, दार, कुलूप, झोप, पासवर्ड. रांगेने खुणा होत गेल्या. एका रकान्याशी पेन थांबलं.

"मशीनचं मॉडेल पडद्यावर दिसतंय ते नाही, हे मला आल्या आल्याच कळलं. मी चित्रपटाचं संरक्षण शाबूत आहे का ते बघायला आलेय. बाकीचं तुमचं तुम्ही आणि ती सिस्टिमवाली कंपनी बघून घ्या. पण इथे उत्पादकाचं नाव लागतं. काय लिहू?"

"लोकल लिहा की मॅडम," इरफान पटकन म्हणाला. "सगळे तसंच लिहित्यात."

"लोकल नाही," मी म्हटलं. "लिहा, इरफान दस्तगीर मुजावर, उद्यमनगर, कोल्हापूर."

उपसंपादकाचं नाव बातमीवर कधी येत नाही. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांखालचा मजकूर नीट करून पुढे पाठवला आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण कुणाचं नाव कुठे यायला हवं, तेवढं मला त्या नोकरीने नक्की शिकवलं होतं.

वर्टीबाईंनी सावकाश, सुट्या अक्षरांत लिहिलं. सही केली. कागद पिशवीत घालणार तोच इरफान म्हणाला, "मॅडम, त्याची झेरॉक्स मिळंल काय?"

"नाही. अहवाल कंपनीचा असतो."

"बरं," तो म्हणाला. मग, "तेवढी ओळ तरी बघू द्या."

त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. इरफानने दोन्ही हात पँटला पुसले, पुढे आला, आणि कागदाला बोटही न लावता वाकून वाचायला लागला. एका ओळीला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्याला लागला. आम्ही कुणीच घाई केली नाही.